स्वर्ग चार बोटं उरला

माणूस फार खुशीत असला की मराठीत त्याला स्वर्ग दोन बोटं उरतो. ही बोटं आडवी धरायची की उभी, हे वाक्प्रचार करणाऱ्याने सांगून ठेवलेलं नाही. माझा जन्म मोजपट्टीबरोबर गेल्यामुळे असल्या ढिलाईचा मला त्रास होतो. एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत बसच्या बॉड्या बांधण्यात मी तीस वर्षं काढली. तिथे कुणी 'दोन बोटं कमी पडतंय' म्हणाला, तर 'कुणाची?' असं विचारायची पद्धत होती.

आमच्या साडूंचा स्वर्ग मात्र नीट मोजलेला आहे. चार बोटं आणि त्यांच्यावर आडवा अंगठा, एवढा तो उरला. मिलिमीटरमध्ये सांगायचं तर ९१.

साडू ह्यूस्टनला असायचे. करोनाच्या दिवसांत सगळं जग घरात कोंडलं गेलं, तेव्हा अमेरिकेत पुष्कळांना घरासकट बाहेर पडायची युक्ती सुचली. साडू त्यांतले एक. त्यांनी मोटरहोम घेतलं. आपल्याकडे संसार पाठीवर टाकून फिरणाऱ्याला लोक बिचारा म्हणतात. तिकडे त्यासाठी बँक कर्ज देते.

गाडी आली त्या रात्री आम्हाला व्हिडिओ कॉलवर दर्शन घडवण्यात आलं. पस्तीस फूट लांब. पुढे चालकाची खुर्ची, तिच्यामागे दिवाणखाना, मग स्वयंपाकघर, मग न्हाणीघर आणि शेवटी शेजघर. बटण दाबलं की दिवाणखान्याची एक भिंत सोफ्यासकट दोन-अडीच फूट बाहेर सरकायची. साडूंनी ती तीनदा सरकवून दाखवली. इंजिन सांगितलं, टाकी सांगितली, फ्रीज उघडून आतली कोथिंबीर दाखवली. किंमत सांगितली नाही, पण विचारावी अशी पुरेशी जागा सोडली. मी विचारली नाही. साडू या नात्यात एवढं तरी पाळावं लागतं.

आमची ही मात्र इचलकरंजीची. वडिलांचे माग होते. लहानपणापासून खटखट ऐकत वाढलेली. सगळं बघून झाल्यावर तिने एकच विचारलं, "भाऊजी, पन्हा किती?"

पलीकडे हसण्याचा एकच गदारोळ झाला. "ताई, गाडी आहे ती, लुगडं नाही!" साडू म्हणाले. धाकटी बहीणही हसली. ती त्याच मागांच्या आवाजात वाढलेली, पण वीस वर्षं टेक्ससमध्ये राहिल्यावर माणूस पन्हा विसरतो. तिथे रस्त्याची एक पट्टी १२ फुटांची असते आणि रुंदी ही काही काळजी करण्याची गोष्ट आहे, असं कुणाला वाटतच नाही.

मग साडूंची बदली मेलबर्नला झाली.

ह्यूस्टनचं घर विकायचं आणि मोटरहोम बरोबर न्यायचं, असा बेत ठरला. "एक घर सोडतोय, दुसरं घेऊन जातोय. बोटीत घातलं की झालं," साडू म्हणाले. त्यांनी अभ्यासही केला होता. ऑस्ट्रेलियात कायमचं राहायला जाणाऱ्या माणसाला परदेशातली स्वतःची गाडी नेता येते. अट अशी, की ती किमान १२ महिने त्याच्या मालकीची आणि वापरातली असावी. साडूंची दोन वर्षांहून अधिक होती. लांबीची मर्यादा तिकडे १२.५ मीटर, यांची १०.६७. उंचीची मर्यादा ४.३ मीटर, यांची ३.८१. "लांबीत पास, उंचीत पास," साडू म्हणाले. "आता तुम्ही आपले त्या लाइनीतले. काही राहिलंय का सांगा."

मी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला, "पन्हा किती?"

या खेपेला कुणी हसलं नाही.

गाडीची रुंदी मोजणं वाटतं तेवढं सोपं नाही. एका माणसाने टेप इकडे धरायची, दुसऱ्याने तिकडे ओढायची, की मध्ये टेपेला पोट येतं आणि आकडा वाढतो. आम्ही कार्यशाळेत दोन्ही बाजूंनी ओळंबा सोडायचो, जमिनीवर खडूने खुणा करायचो आणि खुणांमधलं अंतर घ्यायचो. साडूंकडे ओळंबा नव्हता. शेवटी देवघरातली घंटा दोऱ्याला बांधली. ह्यूस्टनच्या उन्हात साडू शिडीवर, भाचा फरशीवर पालथा, धाकटीच्या हातात फोन, आणि दापोडीचा निवृत्त माणूस पुण्यात रात्री अकरा वाजता ओरडतोय, "घंटा हलतेय! हलतेय! थांबू दे!" आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंनी दुसऱ्या दिवशी आमच्याकडे कसली पूजा होती, असं विचारलं.

बाहेर काढलेले आरसे मी मोजू दिले नाहीत. आरसे रुंदीत धरत नाहीत, हे जवळपास सगळीकडे सारखं आहे. कान मोजत नाहीत, पोट मोजतात. सरकणारी भिंत आत ढकललेली होती. तीही पद्धत रास्त. उभी असताना गाडीने हवं तेवढं फुगावं, चालताना पोट आत पाहिजे. बाजूला गुंडाळून ठेवलेली कनात मी बाजूला ठेवली, कारण ती काढून टाकता आली असती. उघड्या पेटीचा आकडा आला १०२ इंच, म्हणजे २.५९१ मीटर.

ऑस्ट्रेलियाची मर्यादा आहे २.५ मीटर.

भाच्याने वजाबाकी केली. साडू शिडीवरून खाली उतरले आणि खालच्या पायरीवर बसले. घंटा वाऱ्याने थोडी वाजली.

आता या १०२ इंचांचं मूळ सांगितलं पाहिजे, कारण साडूंना पहिल्यांदा वाटलं की गाडी बनवणाऱ्याने बेफिकिरी केली. तसं काही नाही. अमेरिकेत फार वर्षं ९६ इंचांची मर्यादा होती. १९८२ साली तिथल्या संसदेने भूपृष्ठ वाहतुकीचा एक कायदा केला आणि मोठ्या महामार्गांवर १०२ इंचांपर्यंत मोकळीक दिली. सहा इंच वाढवून मिळाले, म्हटल्यावर ते कोण सोडतो? पन्हा वाढला की शिंपी ढगळ शिवायला लागतो. मोटरहोमवालेही हळूहळू पूर्ण १०२ इंच वापरू लागले. हवाई बेटांवर तर १०८ इंच चालतात. समुद्राने चारी बाजूंनी वेढलेल्या जागी जास्त रुंद गाड्यांना का परवानगी दिली, हे मला कळलेलं नाही, पण बेटावरची माणसं एकमेकांना वाट देत असावीत.

गंमत पुढेच आहे. जुनी ९६ इंची गाडी मीटरमध्ये २.४४ भरते. म्हणजे साडूंनी नवी कोरी, लखलखीत, सोफा सरकणारी गाडी न घेता कुणाची तरी चाळीस वर्षांपूर्वीची खटारा घेतली असती, तर ती रुंदीच्या कसोटीला आरामात उतरली असती. हे मी बोललो नाही. लगेच बोललो नाही, एवढंच.

ब्रिटन आणि युरोप यांची मर्यादा २.५५ मीटर. तिथेही साडूंची गाडी ४१ मिलिमीटरने नापास. न्यूझीलंडमध्ये २.५ होती, ती १ फेब्रुवारी २०१७पासून २.५५ झाली. १०० इंचांची अमेरिकन गाडी लंडनला चालते, ऑकलंडला आता चालते, आणि तीच समुद्र ओलांडून मेलबर्नला नेली की ४ सेंटिमीटरने जास्त होते. ऑस्ट्रेलियानेही थोडी ढील दिली आहे. ऑक्टोबर २०२३पासून तिथे सुरक्षिततेची ठरावीक उपकरणं बसवलेल्या नव्या मालट्रकांना २.५५ मीटर चालतात. सगळ्यांत भाग्यवान म्हणजे युरोपातले शीतगृहाचे ट्रक. त्यांच्या भिंती जाड असतात म्हणून त्यांना २.६० मीटरची सवलत आहे. हे ऐकल्यावर साडूंचे डोळे चमकले. "म्हणजे आपण गाडीला फ्रीज म्हटलं तर?" मी म्हटलं, युरोपात जाऊन म्हणावं लागेल, आणि मग आत तुम्हाला झोपता येणार नाही, मटार झोपतील.

कुटुंबात कुणाचं काही अडलं की ते सोडवायला सगळे धावतात. पहिला उपाय आमच्या हिचाच होता. ९१ मिलिमीटर म्हणजे साडेतीन इंच. "दोन्ही बाजूंनी पावणेदोन इंच आत घ्यायचं आणि टीप मारायची. ब्लाउजला रोज करतात."

मला यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. सिद्धांत म्हणून ते बरोबरच आहे. आमच्या कार्यशाळेत बसचा सांगाडा आधी उभा राहायचा आणि पत्रा नंतर लागायचा. तिथे कुणी सांगितलं असतं, तर आम्ही साडेतीन इंच आत घेतले असते आणि वर चहाही प्यायलो असतो. पण या मोटरहोमची भिंत म्हणजे बाहेर फायबरग्लास, मध्ये फोम, आत अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या, आणि सगळं दाबून चिकटवून एकजीव केलेलं. ते उसवत नाही. छत मधोमध उभं कापावं लागेल, जमीन कापावी लागेल, पुढची काच लहान करावी लागेल. ओटा, बाथरूम, पलंग सगळेच साडेतीन इंच बारीक होणार. पलंगाच्या कुठल्या बाजूचे साडेतीन इंच जाणार, यावर पलीकडे लगेच धुसफुस सुरू झाली, तेव्हा मी तो विषय बंद केला.

मावसभावाने सुचवलं, विशेष परवानगी काढा. अवजड यंत्रं नेणाऱ्या ट्रकांना मिळते तशी. पुढे एक गाडी, मागे एक गाडी, वर पिवळा दिवा, पाठीवर 'जादा आकार' अशी पाटी. म्हणजे दर शनिवार-रविवारी साडूंची सहल निघणार ती पालखीसारखी. धाकटीने पाठीवरच्या पाटीचा मजकूर ऐकला आणि ती कॉलवरून उठून गेली.

साडू हे आशावादी गृहस्थ. "रुंदीचं काहीतरी करू. बाकीचं तर बघून घ्या," ते म्हणाले. लग्न जुळत नसताना हॉल बुक करावा तसा हा प्रकार होता, पण मी बसलो वाचायला. ऑस्ट्रेलियाचा २०१८चा रस्ते-वाहन मानकांचा कायदा आहे, २०२१च्या जुलैपासून तो पुरता लागू झाला. गाडी बोटीत चढवण्याआधी परवानगी हातात पाहिजे. आधी पाठवली आणि मग अर्ज केला, तर गाडी बंदरात आणि आपण चौकीत. आपल्या पासिंगला निदान गाडी समोर उभी करून वाद तरी घालता येतो.

पुढे एकेक निघू लागलं.

स्टिअरिंग. टेक्ससात ते डावीकडे, मेलबर्नला उजवीकडे हवं. स्टिअरिंग सरकलं की पेडल सरकतात, डॅशबोर्ड उलटतो, वायपरची दिशा बदलते. पुढचे दिवे रस्त्याच्या दुसऱ्या कडेला झुकवावे लागतात, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांत जातात. मागचे वळण्याचे दिवे अमेरिकेत लाल चालतात, तिकडे नारिंगी पाहिजेत. वीज अमेरिकेत १२० व्होल्ट, ऑस्ट्रेलियात २३०. म्हणजे मायक्रोवेव्ह, एसी, फ्रीज आणि साडूंनी मोठ्या हौसेने बसवून घेतलेलं पोळीयंत्र, या सगळ्यांना पहिल्याच दिवशी मोक्ष. गॅसची जोडणी तिथल्या परवानाधारक माणसाकडून तपासून घ्यायची. गाडी भरून १० टनांच्या जवळपास जाते, तेव्हा साधा परवाना चालणार नाही. तिथे दोन आसांच्या ८ टनांवरच्या गाडीला ट्रकवाल्याचा 'मिडियम रिजिड' परवाना लागतो. आयटीतल्या माणसाने वयाच्या बावन्नाव्या वर्षी ट्रकचा परवाना काढावा, हे मला तरी योग्यच वाटलं. थोडी चरबी उतरली असती.

मग दार. अमेरिकेत गाडी रस्त्याच्या उजवीकडून चालते, म्हणून मोटरहोमचं दार उजव्या अंगाला, फूटपाथकडे. ऑस्ट्रेलियात आपल्यासारखं डावीकडून चालायचं. त्यामुळे हेच दार भर रस्त्यात उघडतं. म्हणून तिथला नियम सांगतो, मोटरहोमचं दार डाव्या अंगाला किंवा मागे हवं. गाडी घेतली तेव्हाच साडूंच्या आईने वास्तूचा प्रश्न काढला होता, की मुख्य दार कुठल्या दिशेला. त्यावर साडू तेव्हा म्हणाले होते, "आई, गाडी वळली की दिशा बदलते." आता ऑस्ट्रेलियन सरकारने आईंची बाजू घेतली. दार हलवायचं तर त्या जागी नेमका गॅसचा ओटा. ओटा हलवला तर दाराच्या जुन्या जागी येतो, म्हणजे फोडणी फूटपाथच्या उलट दिशेला, ट्रॅफिकमध्ये.

आणि किडा. हा भाग मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. ऑस्ट्रेलिया स्वतःच्या मातीला फार जपतो आणि मला हे त्या देशाचं मनापासून आवडतं. तपकिरी रंगाचा, ढालीच्या आकाराचा, चिरडला की घाण वास मारणारा एक ढेकूण अमेरिकेत आहे. तो आत येऊ नये म्हणून १ सप्टेंबर ते ३० एप्रिल या काळात निघणाऱ्या मालावर खास बंधनं असतात. गाडी तापवतात नाहीतर धुरी देतात. तापवायची तर सगळ्यांत थंड भागातही ५६ अंश, अर्धा तास. धाकटीने विचारलं, "आत लोणचं असलं तर?" मी म्हटलं, मुरेल.

पण लोणचं न्यायचा प्रश्नच नव्हता. गाडी आतबाहेर स्वच्छ हवी. माती, बी, पान, पीस काही दिसता कामा नये. आता मराठी माणसाची अडीच वर्षं वापरलेली मोटरहोम डोळ्यांपुढे आणा. सोफ्याखाली मोहरी. सरकत्या भिंतीच्या खाचेत चिवड्यातले शेंगदाणे, जे प्रत्येक वेळी भिंत आतबाहेर करताना आणखी आत गेलेले. पुढच्या काचेवर वाळलेलं आंब्याच्या पानांचं तोरण, तेही मेक्सिकन दुकानातून शोधून आणलेलं. खणात तांदूळ, कारण धाकटी अक्षता घातल्याशिवाय गाडी हलू देत नसे. आणि डॅशबोर्डवर गणपती, शाडूचा. "माती म्हणजे माती," मी म्हटलं. साडू एकदम गंभीर झाले. साडूंचा शाडू अडकणार, असा विनोद मला त्याच क्षणी सुचला होता, पण तो गिळला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून सांगितला.

भाड्याचा हिशेबही बघून ठेवला. अशा गाड्या रो-रो बोटीने जातात. आपल्याकडे भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाते तसलीच चढ-उतार, फक्त पल्ला प्रशांत महासागराचा. भाडं घनमीटरवर. साडूंच्या गाडीचे घनमीटर १०५ भरले. मी सवयीने एक जास्तीचा हिशेब केला. ज्या ९१ मिलिमीटरसाठी गाडी नापास होत होती, तेवढ्याच पट्टीचे घनमीटर पावणेचार होतात. म्हणजे जो कपडा अंगाला होत नाही, त्याच्या जास्तीच्या कापडाचंही भाडं भरायचं. हे मी हिला सांगितलं. तिने कागद हातात घेतला आणि कोपऱ्यात लिहिलं, 'कट-पीस'.

एका जुन्या भानगडीची आठवण इथे आल्याशिवाय राहत नाही. अमेरिकेत मोटरहोमला लोक सरसकट 'विनेबागो' म्हणतात, आपण वनस्पती तुपाला डालडा म्हणतो तसं. ही कंपनी आयोवा राज्यातल्या फॉरेस्ट सिटीत १९५८ साली सुरू झाली. ऑस्ट्रेलियात मात्र भलत्याच एका कुटुंबाने १९७८पासून याच नावाच्या मोटरहोम स्थानिक पातळीवर बांधून विकायला सुरुवात केली. मूळ कंपनी न्यायालयात गेली तेव्हा तीस वर्षं उलटली होती. २०१३ साली तिथल्या वरच्या पीठाने निकाल दिला तो साधारण असा, की नाव वापरायचं तर वापरा, पण अमेरिकन कंपनीशी आपला संबंध नाही हे स्पष्ट लिहा. तात्पर्य, ऑस्ट्रेलियात अमेरिकन मोटरहोमचं नाव पोचायला काही अडचण आली नाही. नावाला पन्हा नसतो.

शेवटी मी साडूंना सगळी गोळाबेरीज सांगितली. स्टिअरिंग बदलायचं. दार बदलायचं. दिवे, वीज, गॅस बदलायचे. ओटा हलवायचा. भिंती आत घ्यायच्या. गणपती ह्यूस्टनला विसर्जित करायचा. "यातून मूळ गाडीचं काय उरतं?" साडूंनी विचारलं.

"कर्ज," मी म्हटलं.

तेव्हा त्यांना भारताची आठवण झाली. ही त्यांची शेवटची फेरी. "तुमच्याकडे काय नियम आहे? मी पुण्याला पाठवतो. तुम्ही वापरा, मी सुट्टीला आलो की मीही वापरीन." खरं सांगतो, एक क्षण माझाही स्वर्ग दोन बोटं उरला. आडवी दोन. कारण आपल्याकडे रुंदीची मर्यादा २.६ मीटर आहे. २.५९१ त्यात बसते. ९ मिलिमीटर शिल्लक ठेवून! ऑस्ट्रेलियात ९ सेंटिमीटरने नापास झालेली गाडी भारतात ९ मिलिमीटरने पास. असा निकाल मी कार्यशाळेत कधी पाहिला नव्हता. दापोडीच्या जुन्या सहकाऱ्याला मी लगेच फोन केला. तो म्हणाला, "पास आहे खरी, पण रंग चढवू नकोस."

आमचा आनंद रात्रभरच टिकला. सकाळी आयातीचे नियम वाचले. वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी नको. तिथवर ठीक होतं. पण स्टिअरिंग उजवीकडेच हवं, आणि हे आणण्याआधी. म्हणजे ज्या देशात पन्हा बसत होता, तिथे हात बसत नव्हता. आणि समजा सगळं जमलंच असतं, तरी आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना दुचाकी लावल्यावर मध्ये जो रस्ता उरतो तो मी नंतर ओळंबा सोडून मोजला. २.३४. आमच्या गल्लीची मर्यादा ऑस्ट्रेलियापेक्षा कडक आहे आणि तिच्याविरुद्ध कुठे अपीलही नाही.

साडूंनी ह्यूस्टनमध्येच गाडी विकली. घेणारा एक निवृत्त शेतकरी होता. त्याने टायर पाहिले, इंजिन ऐकलं, सोफा एकदाच सरकवला. रुंदी विचारली नाही. त्याला अ‍ॅरिझोनाला जायचं होतं. खाचेतले शेंगदाणे गाडीबरोबर गेले. तोरण धाकटीने काढून घेतलं आणि मग तेही ऑस्ट्रेलियात नेता येणार नाही म्हणून शेजारणीला दिलं.

मेलबर्नला जाऊन आठ महिने झाल्यावर साडूंचा पुन्हा कॉल आला. मागे गाडी उभी होती. ऑस्ट्रेलियातच बांधलेली, दार डाव्या अंगाला, स्टिअरिंग उजवीकडे. लहान होती, पण साडू खूश होते. या वेळी त्यांनी इंजिन सांगितलं नाही, टाकी सांगितली नाही. पहिल्याच वाक्यात म्हणाले, "ताईंना सांगा, पन्हा २.४८!"

ही स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने गाडी नीट पाहिली, छतावरची एसीची पेटी पाहिली आणि विचारलं, "आणि उंची किती, भाऊजी?"

"तीन पंधरा," साडू म्हणाले. "इथे चार पॉइंट तीनपर्यंत चालते."

मी काही बोललो नाही. कॉल संपल्यावर फक्त एक निरोप टाकला. मेलबर्नमध्ये माँटेग्यू स्ट्रीटवर एक जुना पूल आहे. ट्रक आणि बस त्याला इतक्या वेळा धडकल्या आहेत की शेवटची धडक होऊन किती दिवस झाले, याची मोजदाद लोक ठेवतात. त्याच्याखालची मोकळी जागा ३ मीटर आहे.